दोष संप्रेरकांचा, शिक्षा गर्भाशयाला

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या, तेव्हा राज्यभर खळबळ उडाली. तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात दिली. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालातून आणखी मोठे चित्र समोर आले. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर शंभरांत सुमारे सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील महाराष्ट्रातील स्त्रियांमध्ये हेच प्रमाण शंभरांत तीनपेक्षाही कमी होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट सारखे नसल्याने ही तुलना काटेकोर म्हणता येणार नाही. पण एवढी मोठी तफावत केवळ वयाच्या हिशेबाने भरून निघत नाही, हेही खरे. २०२५ मध्ये हा विषय पुन्हा वृत्तपत्रांत आला. ऊसतोडीला निघण्यापूर्वीच्या आरोग्य तपासणीत गर्भाशय काढलेल्या ८४३ महिला आढळल्या आणि त्यांतील ४७७ जणी ३० ते ३५ वयोगटातील होत्या, असे आरोग्य विभागाच्या आकडेवारीच्या आधारे प्रसिद्ध झाले.

या प्रश्नाची आतापर्यंत झालेली चर्चा प्रामुख्याने शोषणाच्या अंगाने झाली आणि ते स्वाभाविकच होते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून घेतलेली उचल, एका दिवसाचा खाडा पडला तरी कापले जाणारे पैसे, पाळीच्या दिवसांतही न मिळणारी उसंत, फडावर ना आडोसा ना पुरेसे पाणी. अशा जगण्यात ‘पिशवी काढली की कटकट मिटली’ हा सल्ला पटकन पटतो. काही डॉक्टरांनी कर्करोगाची भीती घालून या अगतिकतेचा फायदा उठवल्याच्या तक्रारीही झाल्या. मात्र या सगळ्या गदारोळात एक साधा वैद्यकीय प्रश्न बाजूला पडला. या स्त्रियांना नेमका आजार कोणता होता? आणि तो गर्भाशयाचा होता काय?

बोलीभाषेत गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात. शब्द घरगुती आहे, पण त्याने एक गैरसमज पक्का केला आहे. पाळी पिशवीतून येते, तेव्हा पाळीचा बिघाड हा पिशवीचाच बिघाड. आणि मुले झाली की पिशवीचे काम संपले. शरीरशास्त्र मात्र वेगळी हकिगत सांगते. मासिक पाळीच्या साखळीत गर्भाशय हा शेवटचा दुवा आहे. तो स्वतः काही ठरवत नाही. हुकूम येतो मेंदूतून, त्याची अंमलबजावणी होते अंडाशयात आणि परिणाम तेवढा दिसतो गर्भाशयात.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तेथून एक संप्रेरक ठरावीक अंतराने, ठोक्याठोक्याने सुटते. हे संप्रेरक खालच्या पीयूषिका ग्रंथीला जागे करते आणि ती ग्रंथी ‘एफएसएच’ व ‘एलएच’ ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. हायपोथॅलॅमसमधील या संप्रेरकाची रचना १९७१ मध्ये अँड्र्यू शॅली यांच्या प्रयोगशाळेने उलगडली. शॅली आणि त्यांचे प्रतिस्पर्धी रॉजर गिलमँ यांना अशा मेंदूजन्य संप्रेरकांवरील कामासाठी १९७७ चे नोबेल विभागून मिळाले. परंतु त्याचे खरे मर्म कळले ते पिट्सबर्ग विद्यापीठातील अर्न्स्ट क्नोबिल यांच्या माकडांवरील प्रयोगांतून. हायपोथॅलॅमसचे काम बंद पाडलेल्या माकडिणींना त्यांनी हे संप्रेरक तासाला एकदा दिले, तेव्हा पीयूषिका ग्रंथी पुन्हा कामाला लागली. तेच संप्रेरक सलग, न थांबता दिले, तेव्हा ती ग्रंथी गप्प झाली. प्रजननाचे हे सारे यंत्र संप्रेरकाच्या मात्रेइतकेच त्याच्या तालावर चालते, हे १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने दाखवून दिले. आज गर्भाशयातील गाठी तात्पुरत्या आकसवण्यासाठी किंवा टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांत जी इंजेक्शने दिली जातात, त्यांतील काही याच तत्त्वावर बेतलेली आहेत.

एफएसएचच्या प्रभावाखाली दर महिन्याला अंडाशयातील काही बीजपुटके वाढू लागतात आणि इस्ट्रोजेन बनवतात. या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे आतील अस्तर जाड होते. एरवी वाढते इस्ट्रोजेन मेंदूला ‘आता पुरे’ असा निरोप देत असते. पण त्याची पातळी एका मर्यादेपलीकडे जाऊन सुमारे दोन दिवस टिकली, की निरोपाचा अर्थ पालटतो. मेंदू आवरता घेण्याऐवजी एलएचची मोठी लाट सोडतो आणि लाट सुरू झाल्यापासून सुमारे ३६ तासांत स्त्रीबीज बाहेर पडते. रिकाम्या झालेल्या पुटकाचा पीतपिंड बनतो. त्याचे आयुष्य साधारण १४ दिवसांचे आणि त्याचे मुख्य काम प्रोजेस्टेरॉन बनवण्याचे. इस्ट्रोजेनने वाढवलेल्या अस्तराला प्रोजेस्टेरॉन स्थिर आणि घट्ट करते. गर्भ राहिला तर गर्भाकडून येणारे एचसीजी हे संप्रेरक पीतपिंडाला जगवते. गर्भधारणेच्या घरगुती चाचणीत शोधतात ते हेच. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन उतरते, अस्तराच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि अस्तर गळून पडते. पाळी म्हणतात ती ही.

एवढ्या तपशिलात जाण्याचे कारण असे, की ‘अंगावरून फार जाते’ या तक्रारीचे एक मोठे उत्तर याच साखळीत दडलेले आहे. एखाद्या महिन्यात स्त्रीबीज बाहेर पडलेच नाही, तर पीतपिंड बनत नाही आणि प्रोजेस्टेरॉनही नाही. इस्ट्रोजेन मात्र अस्तर वाढवतच राहते. असे अस्तर कधीतरी, वेळीअवेळी, कुठूनही ढासळू लागते. पाळी दोन-दोन महिने लांबते आणि आली की पंधरा-पंधरा दिवस थांबत नाही. वयात येताना आणि पाळी जाण्याच्या आधीच्या काही वर्षांत असे वारंवार घडते. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, त्यामुळे चाळिशी गाठता गाठता ही ओढाताण सुरू होऊ शकते. थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले तरी पाळी बिघडते. उपासमार आणि अतिश्रम यांनी तर मेंदूतला मूळ तालच मंदावतो. तेथे रक्तस्राव वाढत नाही, उलट पाळी लांबते किंवा थांबते. पण बिघाड पुन्हा संप्रेरकांचाच. या सगळ्यांत गर्भाशय धडधाकट असते.

अर्थात फडावरच्या प्रत्येक स्त्रीचे दुखणे संप्रेरकांचे नसते. तेथे निदान तीन वेगवेगळ्या तक्रारी एकाच नावाखाली येतात. पहिली वर सांगितलेली, संप्रेरकांच्या बिघाडाने होणारा रक्तस्राव. दुसरी अंगावरून पांढरे जाणे आणि ओटीपोटात दुखणे. ही बहुतेकदा जंतुसंसर्गाची खूण असते. पाणी नाही, स्वच्छतेची सोय नाही, पाळीत दिवसभर तेच कापड, अशा स्थितीत संसर्ग न झाला तरच नवल. त्याला योग्य प्रतिजैविके हवीत आणि गरजेनुसार नवऱ्यालाही औषध हवे. तिसरी गर्भाशयातील गाठी किंवा गर्भाशय खाली सरकणे. येथे दुखणे खरोखरच गर्भाशयाचे असते आणि काही वेळा शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो. तीन आजार, तीन कारणे, तीन उपचार. गरिबाच्या वाट्याला मात्र तिन्हींवर एकच उतारा येतो.

कर्करोगाच्या भीतीबाबतही थोडे स्पष्ट बोलायला हवे, कारण ती भीती अगदीच निराधार नाही. प्रोजेस्टेरॉनचा लगाम नसलेले इस्ट्रोजेन वर्षानुवर्षे अस्तर वाढवत राहिले, तर काही स्त्रियांत त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. म्हणूनच पंचेचाळिशीनंतर असा रक्तस्राव असेल, तर अस्तराचा छोटा नमुना काढून तपासतात. पेशींत वाईट बदल नसतील, तर नुसते जाड झालेले अस्तर प्रोजेस्टेरॉनच्या औषधाने पूर्ववत होऊ शकते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा तर पाळीच्या बिघाडाशी संबंध नाही. त्याचे मूळ एचपीव्ही विषाणूत आहे आणि त्यासाठी तपासणी व लस उपलब्ध आहे. तपासणी न करता तिशीतल्या बाईला ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ असे सांगणे याला निदान म्हणत नाहीत.

उपचार काय आहेत? रक्तस्राव कमी करणाऱ्या साध्या गोळ्या आहेत, लोहाच्या गोळ्या आहेत. प्रोजेस्टेरॉनच्या आणि संमिश्र संप्रेरकांच्या गोळ्या आहेत. तांबीसारखेच दिसणारे, पण रोज अत्यल्प संप्रेरक थेट अस्तरावर सोडणारे साधन आहे. नेहमीच्या तांबीने काहींचा रक्तस्राव वाढतो, या साधनाने तो कमी होतो. फिनलंडमध्ये जास्त रक्तस्राव असलेल्या २३६ स्त्रियांवर याचा अभ्यास झाला. निम्म्यांना हे साधन बसवले, निम्म्यांसाठी शस्त्रक्रिया ठरवली. पाच वर्षांनी पाहिले तर साधन बसवलेल्यांपैकी ४२ टक्के स्त्रियांना अखेर शस्त्रक्रिया करावी लागली होती. दहांतील जवळपास सहा जणींची ती टळली. दोन्ही गटांचे समाधान सारखे होते आणि साधनाचा खर्च कमी पडला. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. संप्रेरकांचा उपचार सर्वांना पुरत नाही. पण तो न करताच शस्त्रक्रिया करणे म्हणजे ज्यांची सुटका होऊ शकली असती, अशा बहुसंख्य स्त्रियांनाही टेबलावर घेणे.

याहून जवळचे उदाहरण लखनौचे आहे. तेथील केंद्रीय औषध संशोधन संस्थेने विकसित केलेले ऑर्मेलॉक्सिफेन १९९१ मध्ये ‘सहेली’ या नावाने गर्भनिरोधक म्हणून बाजारात आले. ते स्वतः संप्रेरक नाही. इस्ट्रोजेन पेशींत जेथे चिकटते, ती जागा ते अडवते. गर्भाशयाच्या अस्तरावर इस्ट्रोजेनचा जोर त्यामुळे चालत नाही. या गुणामुळे भारतातील स्त्रीरोगतज्ज्ञ जास्त रक्तस्रावावरही ते वापरतात. हीच गोळी ‘छाया’ या नावाने सरकारी आरोग्य केंद्रांत कुटुंबनियोजनासाठी मोफत मिळते. म्हणजे औषध खेड्यापर्यंत पोहोचले आहे. ते पोहोचले आहे वेगळ्या रकान्यात. ऊसतोड महिलांची लग्ने लवकर होतात, विशी-पंचविशीत मुले होऊन कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रियाही उरकलेली असते. एकदा ‘ऑपरेशन झालेली’ अशी नोंद झाली, की सरकारी आरोग्य यंत्रणेच्या लेखी त्या बाईच्या प्रजनन आरोग्याचे प्रकरण जणू मिटते. गर्भनिरोधनाची गोळी तिला कशाला, असा हिशेब. पाळीचे दुखणे मात्र पुढची वीस वर्षे तिच्या सोबत असते आणि त्यासाठी तिला खासगी दवाखान्याचीच पायरी चढावी लागते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीतही देशातील सुमारे दोन तृतीयांश गर्भाशये खासगी रुग्णालयांत काढली गेल्याचे दिसले. निम्म्याहून अधिक स्त्रियांनी जास्त रक्तस्राव किंवा वेदना हेच कारण सांगितले होते.

आणखी एक अडचण आहे, ती स्थलांतराची. संप्रेरकांचा उपचार हा धीराचा उपचार असतो. तीन महिने गोळ्या घ्या, पुन्हा या, रक्त तपासू, सोनोग्राफी पाहू. दिवाळीनंतर घर सोडून मार्च-एप्रिलपर्यंत कधी पश्चिम महाराष्ट्रात, कधी कर्नाटकात फडावर राहणाऱ्या बाईने ‘पुन्हा’ कोठे यायचे? शस्त्रक्रिया एकदाच होते, हाच तिचा सर्वांत मोठा गुण ठरतो. केवळ डॉक्टरांच्या नफेखोरीवर बोट ठेवून भागत नाही ते यासाठी.

गर्भाशयासोबत अंडाशयही काढले गेले, तर प्रश्न आणखी गंभीर होतो. सार्वजनिक चर्चेत आकडे आले ते गर्भाशयांचे; अंडाशयांकडे फारसे कोणी पाहिले नाही. वास्तविक गर्भाशय गेले तर पाळी आणि मूल होणे थांबते, पण अंडाशये शाबूत असतील तर इस्ट्रोजेनचा पुरवठा चालू राहतो. तोही काही स्त्रियांत अपेक्षेपेक्षा लवकर आटतो, असे दिसून आले आहे. दोन्ही अंडाशये काढली, की तो पुरवठा एका दिवसात बंद पडतो. नैसर्गिक रजोनिवृत्ती काही वर्षांत हळूहळू येते. येथे ती भूल उतरताच सुरू होते. अंगातून वाफा निघणे, झोप उडणे, योनीमार्गाचा कोरडेपणा, लघवीचे त्रास ही तिची दिसणारी लक्षणे. न दिसणारी हानी अधिक मोठी आहे. हाडे झिजवणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन आवर घालत असते. तो आवर सुटला, की हाडे ठिसूळ होत जातात. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईच्या बाबतीत ही गोष्ट केवळ वैद्यकीय पुस्तकातली राहत नाही. हृदयविकाराचा धोकाही वाढतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी मिनेसोटातील स्त्रियांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. पंचेचाळिशीपूर्वी दोन्ही अंडाशये काढलेल्या आणि नंतर इस्ट्रोजेन न मिळालेल्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे त्यांना आढळले.

अशा स्त्रियांना रजोनिवृत्तीच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन औषधरूपाने द्यावे, अशी शिफारस जगभर केली जाते. परंतु या औषधाभोवती दोन दशके भीतीचे वलय राहिले. त्याचे कारण २००२ मध्ये अमेरिकेत मुदतीआधी थांबवलेली ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ ही मोठी चाचणी. त्यात इस्ट्रोजेन आणि कृत्रिम प्रोजेस्टेरॉन एकत्र घेणाऱ्यांत स्तनांचा कर्करोग, हृदयविकार आणि पक्षाघात वाढल्याचे दिसले. मात्र त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. गर्भाशय नसलेल्या स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन देणारा दुसरा गट २००४ मध्ये थांबवला, तेव्हा पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला, पण स्तनांचा कर्करोग वाढलेला नव्हता. हा फरक सर्वसामान्यांपर्यंत आणि अनेक डॉक्टरांपर्यंतही पोहोचला नाही. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या औषधांवरील ठळक इशाऱ्यांपैकी बहुतेक काढून टाकण्याचे जाहीर केले. त्यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि साठीतल्या स्त्रीला हे औषध द्यावे काय, हा वाद चालू राहील. पस्तिशीत दोन्ही अंडाशये गमावलेल्या स्त्रीचा प्रश्न त्या वादाच्या बाहेरचा आहे. साठीतल्या स्त्रीच्या शरीराने इस्ट्रोजेन बनवणे निसर्गक्रमाने थांबवलेले असते. पस्तिशीतल्या स्त्रीकडून ते काढून घेतलेले असते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बीडमध्ये २०१९ नंतर खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधील अनावश्यक शस्त्रक्रियांबाबत डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल दिला. केंद्राने २०२२ मध्ये तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत, असा आदेश त्यात होता. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या आणि चाळिशीखालील स्त्रियांच्या शस्त्रक्रियांवर विशेष लक्ष, असा या तत्त्वांचा आराखडा आहे.

देखरेखीची ही व्यवस्था आवश्यकच आहे. तिची मर्यादा अशी, की ती शस्त्रक्रियेच्या दारात उभी राहते. बाई तेथवर पोहोचेपर्यंत बऱ्याच गोष्टी घडायच्या राहून गेलेल्या असतात. थायरॉइडची रक्तचाचणी झाली काय, सोनोग्राफीत नेमके काय दिसले, संसर्गावर पुरते औषध झाले काय, संप्रेरकांचा उपचार किती महिने दिला आणि तो का थांबला, या प्रश्नांची उत्तरे परवानगीच्या अर्जावर लेखी मागितली गेली, तर त्या कागदाला वजन येईल. उत्तरे ‘नाही’ अशी असतील, तर परवानगी नाकारून बाईला घरी पाठवणे हाही उपाय नव्हे. तिचा रक्तस्राव तेवढ्याने थांबत नाही. ते उपचार तालुक्याच्या रुग्णालयात आणि हंगामात साखर कारखान्याच्या तळाजवळच्या आरोग्य केंद्रात सुरू राहायला हवेत. गावात सुरू झालेली गोळी फडावर खंडित होणार असेल, तर ती सुरू करण्यात अर्थ नाही.

ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली, त्या १३,८६१ जणींचे काय, हा प्रश्न उरतोच. त्यांतील अनेक जणी आज चाळिशी-पन्नाशीत असतील. त्यांना पहिली गरज आहे ती एका माहितीची. दोन्ही अंडाशये राखली की काढली? अनेकींना ते कोणी सांगितलेले नसते आणि डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असते, हरवलेलेही असते. सोनोग्राफीत अंडाशये बहुधा दिसतात. शंका राहिली तर एफएसएचची रक्तचाचणी आहे, कारण अंडाशयांकडून निरोप येणे थांबले की मेंदू हे संप्रेरक वाढवत जातो. दिवाळीनंतर टोळ्या निघण्याआधी गावोगाव होणाऱ्या तपासणीत ‘गर्भाशय काढले आहे काय’ हा प्रश्न विचारला जातो. त्याच्याच पुढच्या ओळीत ‘अंडाशये आहेत काय’ हा प्रश्न घालता येईल आणि उत्तर ‘नाही’ आले, तर हाडांची तपासणी, कॅल्शियम आणि इस्ट्रोजेन देण्याविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला यांची सोय त्याच दिवशी, त्याच गावात करता येईल.